परिचारिकेचे शिक्षण : शाळेचे आणि विद्यापीठाचे

हैदराबादच्या उस्मानिया किंवा गांधी इस्पितळातील एखाद्या वॉर्डात दोन परिचारिका शेजारी-शेजारी काम करीत असतात. दोघींचा हुद्दा एक, पाळी एक आणि जबाबदारीही एकच. राज्याच्या नोंदपुस्तकात दोघींचीही नावे नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका म्हणून लिहिलेली असतात. खाटेवरच्या रुग्णाला तर त्या दोघीही सारख्याच ‘सिस्टर’. परंतु त्यांपैकी एकीने इस्पितळाला जोडलेल्या शाळेत तीन वर्षे काढून जी.एन.एम. ही पदविका मिळविलेली असते, तर दुसरीने महाविद्यालयात चार वर्षे शिकून विद्यापीठाची बी.एस्सी. ही पदवी घेतलेली असते. एकाच कामाकडे नेणारे हे दोन रस्ते का निर्माण झाले, त्यांत खरोखर काही अंतर आहे काय, आणि असल्यास ते रुग्णाच्या दृष्टीने कितपत महत्त्वाचे आहे, हे प्रश्न वरवर केवळ नोकरीचे व बढतीचे वाटतात. त्यांचा इतिहास पाहू लागले म्हणजे मात्र ते त्याहून पुष्कळ खोल आहेत असे दिसून येते.

परिचारिकांच्या रीतसर शिक्षणाचा आरंभ १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या नावाने निघालेल्या शाळेपासून मानला जातो. त्यापूर्वी इस्पितळात रोग्यांची सेवा करणाऱ्या बायका बहुधा अशिक्षित असत, आणि समाजात त्यांच्याविषयी आदर नव्हता. नाइटिंगेल बाईंनी ह्या कामाला शिस्त, स्वच्छता आणि प्रतिष्ठा दिली. त्यांच्या मते परिचारिका घडावयाची ती वॉर्डातच, रुग्णाच्या उशाशी. परीक्षा आणि सरकारी नोंदणी ह्यांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. मनुष्याचे शील आणि निष्ठा परीक्षेत मोजता येत नाहीत, अशी त्यांची धारणा होती.

ह्या पद्धतीचे अनुकरण जगभर झाले, आणि त्यात एक व्यवहारही हळूहळू रूढ झाला. इस्पितळाने मुलीला राहावयास जागा, जेवण, गणवेश आणि थोडे विद्यावेतन द्यावयाचे. तिने त्याच्या मोबदल्यात शिकता शिकता वॉर्डाचे काम ओढावयाचे. गरीब घरच्या मुलीला एक पैसाही खर्च न करता स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा हा मार्ग होता, हे त्याचे मोठेच पुण्य. परंतु त्याची दुसरी बाजूही होती. वॉर्डात माणसे कमी पडली की वर्ग रद्द होई, आणि विद्यार्थिनी रात्रपाळीवर जाई. ती शिकावयास आली आहे की काम करावयास, ह्याचे स्पष्ट उत्तर कोणाजवळच नसे. पुढे पदविका आणि पदवी ह्यांचा जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

हिंदुस्थानात मद्रासच्या सरकारी जनरल इस्पितळात १८७१ साली असे शिक्षण सुरू झाले. त्यानंतर मुंबईची इस्पितळे, ठिकठिकाणची मिशनरी रुग्णालये असा त्याचा प्रसार झाला. महाराष्ट्रात हे काम प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांपर्यंत नेण्याचे श्रेय रमाबाई रानडे ह्यांच्याकडे जाते. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली, आणि संस्थेच्या विद्यार्थिनी परिचारिकेच्या व सुईणीच्या शिक्षणासाठी ससून इस्पितळात जाऊ लागल्या. त्यांत विधवाही होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीने परक्या माणसाच्या अंगाला हात लावावा, त्याची मलमपट्टी करावी, रात्री घराबाहेर राहावे, ही कल्पनाच त्या काळच्या पुण्याला सोसणारी नव्हती. रमाबाईंनी ती टीका सहन केली आणि काम चालू ठेवले. ह्या शिक्षणाने कित्येक निराधार स्त्रियांना अन्न आणि आत्मसन्मान दिला. परिचारिकेची शाळा ही आपल्याकडे आरंभापासून केवळ आरोग्याची सोय नव्हती. ज्या स्त्रीपुढे दुसरे कोणतेही दार उघडे नव्हते, तिच्यासाठी ते एक दार होते. ही गोष्ट पुढील विवेचनात विसरता येणार नाही.

आता हैदराबादकडे वळू. निजामी राज्यात पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण पुष्कळ लवकर आले. हैदराबादची वैद्यकीय शाळा १८४६ साली निघाली. पहिल्या सालारजंगांच्या कारकीर्दीत, १८६६ मध्ये, मुसीकाठी अफझलगंज इस्पितळ उभे राहिले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला जो महापूर आला, त्यात हजारो माणसे दगावली आणि हे इस्पितळही नष्ट झाले. त्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी आपले प्राण वाचविले, ही हकीकत हैदराबादेत अद्याप सांगितली जाते. पुढे सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या काळात व्हिन्सेंट एश ह्या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणे उस्मानिया इस्पितळाची घुमटांची इमारत पूर्ण झाली.

वैद्यकाच्या इतिहासात हैदराबादचे नाव आणखी एका कारणाने गाजले. १८८८ आणि १८८९ साली तेथे क्लोरोफॉर्मसंबंधी दोन आयोग बसले. रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे ह्या कामाचे सूत्रधार होते. दुसऱ्या आयोगासाठी लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाचे प्रतिनिधी म्हणून लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले, आणि त्यासाठी निजाम सरकारने १,००० पौंड दिले. लॉरी ह्यांच्या शिष्यांत रूपाबाई फर्दुनजी होत्या. भूल देण्याच्या शास्त्रात प्रावीण्य मिळविणाऱ्या जगातील अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. लॉरी ह्यांचा सिद्धान्त असा की, क्लोरोफॉर्म देताना रोग्याच्या श्वासाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे, नाडीकडे पाहण्याचे कारण नाही; कारण धोका होतो तो श्वास बंद पडल्याने. ह्या शिकवणीमुळे हैदराबादेत रुग्णाकडे बारकाईने पाहण्याची सवय लागली, हे निश्चित. परंतु १९११ साली गुडमन लेव्ही ह्या शास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मने हृदयाची गती बिघडून ते एकाएकी थांबूही शकते. लॉरींचे निरीक्षण खोटे नव्हते, ते अपुरे होते. काय पाहावयाचे हे सांगितलेला मनुष्य तेवढेच पाहतो. का पाहावयाचे हे ज्याला समजले आहे तो अनपेक्षित गोष्टही हेरतो. परिचारिकेच्या शिक्षणातला मुख्य मुद्दा ह्या एका उदाहरणात स्पष्ट होतो.

१९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, आणि जुनी वैद्यकीय शाळा कालांतराने विद्यापीठाचे महाविद्यालय झाली. डॉक्टरांचे शिक्षण अशा रीतीने इस्पितळातून विद्यापीठात गेले. परिचारिकेचे शिक्षण मात्र होते तेथेच राहिले. ह्यात हैदराबादचा विशेष दोष होता असे नाही. १९४६ पर्यंत साऱ्या हिंदुस्थानात परिचर्येची पदवी देणारे एकही विद्यापीठ नव्हते. डॉक्टरने शास्त्र शिकावे आणि परिचारिकेने काम शिकावे, ही विभागणी जणू निसर्गनियमच आहे, अशी सर्वांची समजूत होती.

वास्तविक हैदराबाद संस्थानात परिचारिकेचे काम इतर ठिकाणांहून अधिक अवघड होते. संस्थानाच्या १६ जिल्ह्यांपैकी ८ तेलुगू, ५ मराठी आणि ३ कानडी मुलखात होते, आणि दरबाराची भाषा उर्दू होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत ह्या राज्याचाच भाग होते, आणि राजधानीचे मोठे इस्पितळ हे त्या भागातील लोकांचेही इस्पितळ होते. मराठवाड्यातून आलेल्या बाईने आपले दुखणे मराठीत सांगावे, डॉक्टरने उर्दूत किंवा इंग्रजीत औषध लिहावे, आणि शेजारच्या खाटेवरील रुग्ण तेलुगू बोलणारा असावा, अशी ती व्यवस्था. त्यात पडद्याची चाल. ज्या समाजात स्त्री परपुरुषासमोर येत नाही, तेथे तिच्या आजाराची पहिली वार्ता डॉक्टरपर्यंत पोचावयाची ती दुसऱ्या स्त्रीच्याच तोंडून. अशा ठिकाणी परिचारिका नुसती सांगितलेले काम करणारी असून भागत नाही. ऐकलेल्यातून नेमके काय महत्त्वाचे आहे, हे तिला निवडता आले पाहिजे.

देशपातळीवर ह्या प्रश्नाचा पहिला समग्र विचार केला तो सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने. १९४३ साली नेमलेल्या ह्या समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिने दिलेले आकडे विदारक होते. अखंड हिंदुस्थानात नोंदणीकृत परिचारिका होत्या जेमतेम ७,०००, म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक. समितीपुढे दोन परस्परविरोधी गरजा एकाच वेळी उभ्या होत्या. एकीकडे थोड्या अवधीत पुष्कळ परिचारिका हव्या होत्या. दुसरीकडे त्यांना शिकविण्यासाठी, इस्पितळांचा कारभार पाहण्यासाठी आणि खेड्यापाड्यांतील सार्वजनिक आरोग्याचे काम आखण्यासाठी उच्च शिक्षण घेतलेल्या परिचारिकाही हव्या होत्या. समितीने दोन्हींचा पुरस्कार केला. वेगवेगळ्या दर्जाचे परिचारिका-शिक्षण असावे आणि त्याच्या जोडीला विद्यापीठाचा पदवी-अभ्यासक्रमही असावा, असे तिने सुचविले. दोन रस्त्यांची ही व्यवस्था देशाच्या निकडीतून अशी जन्माला आली.

१९४६ ह्याच वर्षी दिल्लीस परिचर्या महाविद्यालय निघाले. पुढे त्याला राजकुमारी अमृत कौर ह्यांचे नाव मिळाले. त्याच वर्षी वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातही पदवी-शिक्षण सुरू झाले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि १९४९ मध्ये परिषद अस्तित्वात आली. प्रांतोप्रांतीच्या निरनिराळ्या अभ्यासक्रमांना एक माप लावणे हे तिचे काम होते. खेड्यांसाठी दोन वर्षांचा साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम १९५१ साली सुरू झाला. सर्वांत खाली ही साहाय्यक परिचारिका, मध्ये पदविकाधारक आणि वर पदवीधर, अशा तीन पायऱ्या पडल्या. मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली निघाले. हैदराबादेत उस्मानिया आणि गांधी इस्पितळांना जोडलेल्या शाळा आणि सोमाजीगुड्याचे सरकारी परिचर्या महाविद्यालय असे दोन्ही प्रवाह एकाच शहरात वाहू लागले.

ह्या दोन शिक्षणांत फरक कोणता? शरीररचना, शरीरक्रिया, औषधांचे ज्ञान, वैद्यकीय व शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा, बालरोग, मनोरोग, प्रसूती आणि सामाजिक आरोग्य हे विषय दोन्हीकडे आहेत. पदवीच्या अभ्यासक्रमात त्यांची व्याप्ती मोठी आहे. शिवाय संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, व्यवस्थापन आणि अध्यापन ह्यांना त्यात निश्चित स्थान आहे. २०२१ मध्ये त्याची फेररचना होऊन तो आठ सत्रांचा झाला. पदविकेच्या शाळेचा भर वॉर्डातील सरावावर. तेथील विद्यार्थिनी इस्पितळाच्या वातावरणात लवकर मुरते, आणि तिचा हात लवकर बसतो. शीर सापडत नसलेल्या लहान मुलाला सुई लावावयाची असो की एकाच वेळी तीन खाटांवरून हाक येत असो, ती गोंधळत नाही. पदवीधर मुलगी आरंभी थोडी बिचकते, असा अनुभव वॉर्डातल्या जुन्या सिस्टर सांगतात, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही.

परंतु सर्वांत मोठा फरक अभ्यासक्रमात नाही, तो प्रवेशाच्या वेळी आहे. पदवीसाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय असावे लागतात. पदविकेला कोणत्याही शाखेची मुलगी जाऊ शकते. आदिलाबाद किंवा हिंगोलीकडील ज्या गावाजवळ विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालयच नाही, तेथील मुलीच्या बाबतीत ही अट तिच्या बुद्धीची परीक्षा घेत नाही. तिच्या गावाची परीक्षा घेते. शिवाय चार वर्षे म्हणजे कमाई एक वर्ष पुढे गेली. सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली नाही तर खाजगी संस्थेची फी. रमाबाईंच्या काळी जे दार सर्वांत गरीब मुलीसाठी उघडले होते, ते ह्या रीतीने अरुंद होण्याचा संभव असतो.

हाच वाद अमेरिकेत अधिक तीव्रतेने झाला, आणि त्याची हकीकत आपल्याला उपयोगी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे परिचारिकांची टंचाई भासू लागली. १९५१ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील मिल्ड्रेड मॉन्टॅग ह्यांनी आपल्या प्रबंधात अशी योजना मांडली की, स्थानिक कनिष्ठ महाविद्यालयांत सुमारे दोन वर्षांत परिचर्येचे तंत्र शिकवावे. ही तंत्रज्ञ परिचारिका नेहमीची कामे करील, आणि अवघड प्रसंगी निर्णय घेणारी पदवीधर परिचारिका तिच्या सोबत असेल. पुढच्याच वर्षी प्रयोगास सुरुवात झाली. त्यातून निघालेली ‘असोसिएट’ पदवी अतिशय लोकप्रिय झाली, कारण ती स्वस्त होती, घराजवळ मिळत होती, आणि संसार सांभाळणाऱ्या स्त्रियांना झेपत होती.

मात्र एक गोष्ट मॉन्टॅग बाईंच्या योजनेप्रमाणे घडली नाही. दोन वर्षे शिकलेली आणि चार वर्षे शिकलेली अशा दोघींना परवान्यासाठी परीक्षा एकच ठेवण्यात आली. परवाना एक झाल्यावर इस्पितळांनी कामही एकच दिले. कागदावर आखलेला भेद वॉर्डात पुसला गेला. १९६५ साली अमेरिकन परिचारिका संघटनेने पदवी हीच व्यावसायिक परिचारिकेची किमान पात्रता असावी असे जाहीर केले. तरी तो नियम देशभर कधीच लागू झाला नाही. नॉर्थ डकोटा ह्या एका राज्याने १९८० नंतरच्या दशकात तो लागू केला, आणि २००३ मध्ये मागे घेतला. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये मधला मार्ग काढला. तेथे दोन वर्षांच्या शिक्षणावर नोकरीस लागता येते, परंतु नव्याने येणाऱ्या परिचारिकेने दहा वर्षांच्या आत पदवी पूर्ण केली पाहिजे. ब्रिटनमध्ये तर २०१३ पासून नव्या परिचारिकांचे शिक्षण पदवीच्याच पातळीवर होते.

हे सर्व केवळ प्रतिष्ठेसाठी चालले आहे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर काही अंशी लिंडा एकन ह्यांच्या संशोधनात मिळते. २००३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन्सिल्व्हानियातील १६८ इस्पितळांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ह्या इस्पितळांत पदवीधर परिचारिकांचे प्रमाण शून्यापासून ७७ टक्क्यांपर्यंत होते. जेथे हे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक, तेथे ३० दिवसांच्या आत मृत्यू येण्याचा संभव सुमारे पाच टक्क्यांनी कमी, असे त्यांना आढळले. गुंतागुंत निर्माण झाल्यावर रुग्णाला वाचविण्यात येणारे अपयशही तितकेच कमी होते. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांतील ३०० इस्पितळांच्या पाहणीतही ह्याच दिशेचा निष्कर्ष निघाला. तेथे फरक सुमारे सात टक्के होता.

हे आकडे काळजीपूर्वक वाचावयास हवेत. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही. ज्या इस्पितळात पदवीधर परिचारिका अधिक, ते इतर बाबतींतही सरस असू शकते. संशोधकांनी अशा गोष्टींचा हिशेब धरला असला तरी शंकेला थोडी जागा राहतेच. परंतु युरोपच्या त्याच पाहणीत आणखी एक निष्कर्ष आहे, आणि तो आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. परिचारिकेवर एका रुग्णाचा भार वाढला, तर मृत्यूचा संभव सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. म्हणजे दहा टक्के पदवीधर वाढवून जे मिळवावयाचे, ते प्रत्येकीच्या अंगावर एक रुग्ण अधिक टाकून गमावताही येते. शिक्षणाचा उपयोग होण्यासाठी शिकलेल्या माणसाला रुग्णाजवळ थांबावयास वेळ असला पाहिजे. चाळीस खाटांमागे दोन परिचारिका ठेवून त्यांना विद्यापीठाची पदवी दिली, तरी त्यांना प्रत्येकाचा श्वास पाहता येणार नाही आणि नाडीही पाहता येणार नाही.

आपल्या देशात ह्या वादाने २०१९ च्या सुमारास एकदम नवे वळण घेतले. पदविकेचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बंद करून पदवी हीच परिचारिकेची प्रवेशपात्रता करावी, असा निर्णय भारतीय परिचर्या परिषदेने जाहीर केला. तो ठरल्या मुदतीत अमलात आला नाही, आणि पदविकेच्या शाळा पुढेही चालू राहिल्या. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा करून १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा नव्या कायद्याला दिली. तेलंगण सरकारने २०२२ च्या डिसेंबरात ५,२०४ परिचारिकांच्या भरतीची जाहिरात काढली, तेव्हा पदविका आणि पदवी ह्या दोन्ही पात्रता स्वीकारल्या होत्या. अमेरिकेत एका परवान्याने जे केले, तेच आपल्याकडे एका नोंदपुस्तकाने आणि एका हुद्द्याने केले आहे. भेद आहे असे म्हणावयाचे, परंतु वॉर्डात त्याची दखल घ्यावयाची नाही, अशी ही स्थिती आहे. तिच्यामुळे दोघींचेही नुकसान होते. पदवीधर परिचारिकेला आपण शिकलेले वापरावयास मिळत नाही, म्हणून ती अध्यापनाकडे किंवा परदेशाकडे वळते. पदविकाधारक परिचारिका वीस वर्षे वॉर्ड सांभाळते, आणि वरच्या जागेचा प्रश्न निघाला की तिच्या कागदातील उणीव पुढे येते.

ह्यावर तोडगा नाही असे नाही. तो पूर्वीच निघालेला आहे. पदविका घेतलेल्या परिचारिकेला दोन वर्षे अधिक शिकून पदवी मिळविण्याची सोय, म्हणजे पोस्ट-बेसिक बी.एस्सी., आपल्याकडे कित्येक वर्षांपासून आहे. गरीब घरातील मुलीने आधी पदविका घ्यावी, कमावती व्हावी, धाकट्या भावंडांचे शिक्षण मार्गी लावावे, आणि मग पगारी रजेवर जाऊन पदवी पूर्ण करावी, ही गोष्ट आदर्श म्हणून सांगावयाची नसून नित्याची व्हावयास हवी. त्यासाठी जागा वाढविल्या पाहिजेत, रजा हक्काने मिळाली पाहिजे, आणि तिच्या जागी वॉर्डात दुसरी परिचारिका नेमली गेली पाहिजे. ही शेवटची गोष्ट झाली नाही तर पहिल्या दोन कागदावरच राहतात, हे सरकारी इस्पितळांची माहिती असणाऱ्या कोणालाही सांगावयास नको.

त्याचबरोबर पदवीच्या नावाने काय दिले जाते, इकडेही डोळेझाक करता येत नाही. खाजगी परिचर्या महाविद्यालये सर्व दक्षिण भारतात झपाट्याने वाढली. ज्या महाविद्यालयाजवळ गजबजलेले इस्पितळ आहे, तेथील पदवीला अर्थ आहे. जेथे विद्यार्थिनीला पुरेसे रुग्णच पाहावयास मिळत नाहीत, तेथील चार वर्षे जुन्या शाळेच्या तीन वर्षांहून कमी मोलाची ठरतात. नाइटिंगेल बाईंचा आग्रह इतका जुना होऊनही येथे खरा आहे. विद्यापीठाने परिचारिकेला इस्पितळाच्या वेठीतून सोडविले हे त्याचे उपकार. परंतु तिला रुग्णापासूनच सोडविले तर त्यातून परिचारिका निर्माण होणार नाही.

ह्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, पदविका थोर की पदवी थोर हा प्रश्नच मुळी चुकीच्या ठिकाणी विचारला जातो. शिकणाऱ्या मुलीला शिकणारी म्हणून वागविले जाते काय, तिला रोगाचे कारण समजावून दिले जाते काय, आणि नोकरीत आल्यावर हाताशी किती रुग्ण दिले जातात, हे तीन प्रश्न त्याआधी विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे समाधानकारक असतील तर पदवी हे परिचारिकेचे आणि रुग्णाचे दोघांचेही कल्याण करील, ह्याविषयी आता फारशी शंका उरलेली नाही. परंतु ती उत्तरे न देता केवळ जुनी शाळा बंद केली, तर नांदेड, निजामाबाद आणि करीमनगरकडच्या ज्या मुली आजवर ह्या शाळांच्या आधाराने उभ्या राहिल्या, त्या घरी बसतील आणि वॉर्डात एक जागा रिकामी राहील. ती जागा भरली जाईपर्यंत तिच्या वाट्याचे रुग्ण दुसऱ्या परिचारिकेच्या अंगावर पडतील, मग तिच्याजवळ पदवी असो वा पदविका.